सातवा बोल्ट

मिस्त्रींनी माझी मोटारसायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती चाटली. म्हणजे अख्खी नव्हे. इंजिनावरच्या एका बोल्टवरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाला लागलेला तांबूस गंज जिभेवर ठेवला, जरा विचार केला आणि बाजूला थुंकून म्हणाले, "खारट हाय. गाडी कशानं धुता?"

मी ऐटीत सांगितलं, "रोज संध्याकाळी स्वच्छ धुतो."

"कशानं, ते इचारलं मी."

कशानं म्हणजे? खाडीच्या पाण्यानं. मी उरणच्या वाटेवरच्या एका मिठागरात कारकून होतो. तिथं सगळंच खाडीच्या पाण्यानं धुतलं जायचं. हातपाय, फावडी, टोपल्या, जेवणाचे डबेसुद्धा. गोडं पाणी लांबून डोक्यावर आणावं लागायचं, ते फक्त प्यायला. मिठागरातल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे, तर मला का वाटावं? तेव्हा दीड वर्ष मी शेठनं लष्करी लिलावातून घेऊन मला कामासाठी दिलेल्या त्या मोटारसायकलला मोठ्या मायेनं मिठाची आंघोळ घालत होतो आणि वर फडक्यानं चमकवतही होतो. मिस्त्रींनी हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग आतल्या दाराकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "अगो, ऐकलंस काय, यांनी गाडीचं सुकट केलंय." आतून हसण्याचा आवाज आला. माझी आणि त्या घराची ओळख ही अशी झाली.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. पनवेलला उरण नाक्याच्या अलीकडे मिस्त्रींची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या मागची खोली पुढं मीच भाड्यानं घेतली. त्यामुळे हा माणूस मला मिस्त्री म्हणून लाभला आणि घरमालक म्हणूनही. घरमालक म्हणून ते अगदीच सुमार होते. कौल गळतंय म्हणून सांगितलं की येऊन बघायचे, मान हलवायचे आणि परत जायचे. लाकूड, माती, कौलं यांत त्यांना रस नव्हता. निदान तसं ते दाखवत तरी.

गंज चाटायची त्यांची खोड साऱ्या पनवेलला ठाऊक होती. तळोज्याकडची गाडी असली की म्हणायचे, "भाताच्या शेतातनं आनली." सुकापूरच्या एका माणसाला त्यांनी सांगितलं होतं की तू गाडी गोठ्यात ठेवतोस. तो बिचारा चपापला, कारण खरोखरच ठेवत होता. मी एकदा चोरून चाटून पाहिलं. मला सगळ्या गंजाची चव एकच लागली आणि दिवसभर तोंड आंबट राहिलं.

दुसरी खोड जास्त त्रासाची. त्यांच्या शेडमध्ये उभं राहायची बंदी होती. कुणी गिऱ्हाईक उभा राहून बोलायला लागला की मिस्त्री हातातला पाना खाली ठेवायचे आणि त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. शेजारी एक पालथं घमेलं असायचं, तिकडे बोट. "बसा. उभा मानूस घाईत असतो. घाईचा मानूस हितं नको." मग तो मोठा बागायतदार असो नाहीतर फौजदार, घमेल्यावर टेकल्याशिवाय काम पुढं सरकत नसे. मी जात्याच उतावळा. भात शिजायच्या आत झाकण उघडून बघणारा. माझे त्या घमेल्यावर काय हाल झाले असतील, तुम्हीच विचार करा.

आणि तिसरं म्हणजे चहा. धरलेला बोल्ट निघेपर्यंत मिस्त्री चहा प्यायचे नाहीत. काकी, म्हणजे त्यांची बायको, वेळेवर कप आणून ठेवायची. तो निवायचा, त्यावर साय धरायची, माशी बसायची. बोल्ट निघाला की ते तोच गार चहा एका घोटात प्यायचे आणि म्हणायचे, "आजवर एक बोल्ट मोडला नाय मी." हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नाही. देवाचं नाव घ्यावं तसं घ्यायचे. काकी आतून म्हणायची, "नाय मोडलास, ठाव हाय. कप आन इकरं."

माझ्या गाडीचं दुखणं असं होतं की ती चढावर दम टाकायची. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं जाड झाकण, काढून आतली काजळी खरवडायला हवी होती. ते हेड सात बोल्टांनी आवळलेलं, आणि सातही बोल्ट माझ्या कृपेनं जाम. मी म्हटलं, "मिस्त्री, उद्यापर्यंत होईल?" त्यांनी घमेल्याकडे बोट दाखवलं. मी बसलेलोच होतो, तरी दाखवलं.

रोज सकाळी ते एका वाटीत रॉकेल, इंजिनाचं तेल आणि आणखी काहीतरी कालवायचे. ते 'काहीतरी' त्यांनी कधी सांगितलं नाही. एरंडेल असतं, हे काकीनं फोडलं. मग कावळ्याच्या पिसानं एकेका बोल्टच्या मुळाशी एकेक थेंब. मग पितळी हातोडीनं बोल्टच्या डोक्यावर टक टक टक, अगदी हलके. मग दिवसभर त्या इंजिनाकडे बघायचंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाना लावला आणि मी ओरडलोच, कारण ते बोल्ट सोडवायच्या ऐवजी आवळत होते.

"मिस्त्री, उलटं फिरवताय."

"ठाव हाय."

"अहो, काढायचाय ना तो?"

"मला गंज फोराचाय, बोल्ट नाय. गंज कनच्याबी बाजूनं फुटतो." त्यांनी केसभर आवळला, मग केसभर सोडला, पुन्हा आवळला. आत कुठंतरी बारीक कुरकुर झाली. तसं त्यांचं तोंड असं काही उजळलं की मला माझी घाई विसरायला झालं. अर्ध्या तासानं पहिला बोल्ट अख्खा बाहेर आला. त्यांनी तो पुसला आणि एका फळीतल्या भोकात उभा केला. त्या फळीला हेडवर जशी भोकं असतात तशीच भोकं पाडलेली होती. जो बोल्ट जिथला, तो परत तिथंच जायचा.

आता रविवारचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मिस्त्री कळायचे नाहीत.

रविवारी सकाळी ते हात राखेनं घासून घासून धुवायचे, धुतलेली टोपी घालायचे आणि बंदराच्या बाजूला निघायचे. तासाभरानं यायचे. कुठं जातात, विचारलं तर, "बसून येतो." मला वाटलं देवळात जात असतील. एकदा मला त्याच बाजूला काम होतं, तर हे दिसले. बैलगाडीची चाकं करायच्या एका कारखान्यात, एका ओंडक्यावर, हात मांडीवर ठेवून बसलेले. समोर त्यांच्याच चेहऱ्याचा, जरा थोराड असा माणूस चाकाचे आरे तासत होता. दोघंही एक अक्षर बोलत नव्हते. घरातून एक बाई आली, तिनं मिस्त्रींच्या पायाशी पाण्याचा तांब्या ठेवला, ती आत गेली. मिस्त्री पाणी प्याले, तांब्या पालथा घातला आणि उठून निघाले. तासणाऱ्या माणसानं मानसुद्धा वर केली नाही.

मी काकीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच तिनं सांगितलं.

तो मिस्त्रींचा थोरला भाऊ. घराणं चाकं करणाऱ्यांचं. तेव्हा पनवेलची चाकं लांब लांब जायची. लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवायची म्हणजे ती आधी आगीत तापवावी लागते, तापून जरा मोठी झाली की चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळते. ती किती तापली हे बघायची त्या घरची रीत म्हणजे धावेवर चिमूटभर भात टाकायचं, साळीचं, टरफलासकट. त्याची लाही फुटली की ताव बरोबर आला. दाणा नुसता काळा पडला तर थांबायचं. हा ताव बघायला बापानं थोरल्याला शिकवलं. धाकट्याला शिकवायला घेतलं, तर धाकट्याला दम कुठला? एका मोठ्या मागणीच्या वेळी थोरला जेवायला गेलेला असताना यानं लाही फुटायची वाट न बघता धाव चढवली. वरून सगळं ठीक दिसलं. तिसऱ्या दिवशी भरल्या गाडीचं ते चाक रस्त्यात फुटलं आणि गाडीवाल्याचा बैल पायातून गेला.

"मंग?" मी विचारलं. मीही तोवर तसंच बोलायला लागलो होतो.

"मंग काय. दादा म्हनाले, तू घाई केलीस. हे म्हनाले, तुमी लाकूड वलं घेतलंत. ते म्हनाले, नाय. हे म्हनाले, नाय. त्या दिसापासनं अबोला. ह्यांनी चाकाला हात लावला नाय, इंजिनं खोलाय लागले. अकरा वर्सं झाली. दर रविवारी जातात न बसून येतात."

"आणि बोलत का नाहीत?"

काकी म्हणाली, "काय बोलनार? एकच बोलायचं हाय, तेच तोंडातनं निघत नाय." मग तिनं एक खडा उचलून फेकला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माझे डोले मिटायच्या आदी दादा या घरात जेवले पायजेत. एवढंच मागते मी गनपतीकडं."

मला त्या माणसाविषयी फार वाईट वाटलं. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की मिस्त्रींचा तो सगळा सावकाशपणा स्वभावातला नव्हता. तो त्यांनी स्वतःला लावून घेतलेला होता.

हे कळूनही मी काय केलं बघा. तीन आठवड्यांत सहा बोल्ट निघाले. सातवा, कोपऱ्यातला, हलेना. मंगळवारी शेठ मिठागरावर येणार होते आणि हंगाम ऐन भरात. गाडी तयार नसली तर माझी बिनपाण्यानं होणार हे ठरलेलं. रविवार उजाडला. मिस्त्री टोपी घालून बंदराकडे गेले. काकी मासळी आणायला गेली. शेडमध्ये मी आणि तो सातवा बोल्ट.

मी पाना लावला. आधी आवळायचं वगैरे माझ्या डोक्यातच आलं नाही. हलला नाही, म्हणून पान्याच्या दांड्यावर पाण्याचा एक जुना पाइप चढवला, म्हणजे जोर वाढतो. पाय टेकवला आणि सगळं अंग टाकलं. कट्ट असा आवाज झाला आणि मी घमेल्यावर जाऊन आदळलो. हातात पाना होता आणि पान्यात डोक्यासकट बोल्टचा वरचा तुकडा. उरलेला बोल्ट सिलिंडरच्या आत.

मिस्त्री आले. त्यांनी पाना बघितला, पाइप बघितला, माझ्याकडे बघितलं. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी हात धुतले, हेड उचलून बाजूला ठेवलं आणि आतल्या तुटक्या बोल्टवरून बोट फिरवलं. नखाएवढा वर होता, बस्स. मग आत जाऊन म्हणाले, "चहा दे." काकीनं दिला आणि ते गरम गरम प्याले. बोल्ट आत असताना. मला अक्षरशः रडू आलं. मी म्हटलं, "मिस्त्री, शिव्या तरी द्या." ते म्हणाले, "बसा, मीठवाले." मीठवाले हे त्यांनी मला दिलेलं नाव.

मंगळवारी शेठ येऊन मला जे बोलायचं ते बोलून गेले. महिनाअखेरपर्यंत गाडी उभी राहिली नाही तर दुसरा कारकून बघतो म्हणाले. ते मी गिळलं. मिस्त्रींनी मात्र चार दिवस त्या तुटक्या बोल्टवर काय काय नाही केलं. पीस, थेंब, टकटक, पकड, छिन्नी. शनिवारी संध्याकाळी पकड खाली ठेवून ते म्हणाले, "सिलिंडर तापवाय पायजे. पन बेतानं. कमी तापला तर सुटनार नाय, जास्त तापला तर तडकंल. तसला दुसरा सिलिंडर आता मिलायचा नाय."

"मग तापवा की."

"मला ताव कुठं बगता येतो?" असं म्हणून ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्यांनी हात घासले, टोपी घातली आणि सिलिंडर गोणपाटात बांधला. मी न विचारताच तो उचलला. बंदराच्या वाटेवर त्यांनी दोनदा टोपी काढून पुन्हा घातली.

थोरले भाऊ एकटेच काम करत होते. टायरच्या गाड्या यायला लागल्या होत्या, त्यांचं काम कमी झालं होतं. मिस्त्री नेहमीच्या ओंडक्यावर बसले. मी त्यांच्या शेजारी खालीच बसलो. सिलिंडर त्यांनी मांडीवर घेतला आणि गोणपाट सोडलं. बसून राहिले. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, तांब्या आणून ठेवला. एक नवा माणूस बघून त्या दारातच थांबल्या.

बराच वेळ नुसतं तासणीचं काम चाललेलं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. दादा उठले, आले आणि मिस्त्रींच्या मांडीवरून त्यांनी सिलिंडर उचलला. उजेडात धरून आतला तुटका बोल्ट बघितला. त्यावरून अंगठा फिरवला. आणि सिलिंडरकडेच बघत म्हणाले, "कुनी मोडला?"

मी तोंड उघडलं. तोच मिस्त्रींचा हात माझ्या गुडघ्यावर पडला आणि त्यांनी तो इतका आवळला की मला बोलताच येईना.

"मी," मिस्त्री म्हणाले. "घाई केली." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चाकाच्या टायमालापन मीच केली होती. लाही फुटली नव्हती, दादा. मी वाट नाय बगितली."

दारात वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा सिलिंडर तसाच हातात धरून उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी मोठं बोलणार, नाहीतर हाकलून देणार. त्यांनी सिलिंडर खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि म्हणाले,

"लाकूडपन जरा वलं होतं."

आणि मग दारात बघून, "मूठभर भात आन गो. न तुसाची पाटी."

पुढचं काम मी आयुष्यभर विसरणार नाही. जमिनीवर तुसाचं, म्हणजे भाताच्या टरफलांचं, कडं करून त्यांनी ते पेटवलं. तूस भडकत नाही, धुमसत राहतं. मधे सिलिंडर. दादा त्यावर दोन-दोन दाणे टाकायचे. दाणा काळा पडला. आणखी थोडं थांबले. पुन्हा काळा. मिस्त्री पकड घेऊन बसले होते आणि त्यांचे डोळे दाण्यावर होते. मग एक दाणा टपकन फुटला आणि पांढरी लाही उडून माझ्या शर्टावर पडली. "आता," दादा म्हणाले. मिस्त्रींनी पकड लावली. केसभर आवळलं. केसभर सोडलं. पुन्हा आवळलं. आणि तो बोल्ट फिरायला लागला. सबंध बाहेर येईपर्यंत त्या दोघांनी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. मी तर नव्हताच घेतला.

त्या दिवशी दादा आमच्याबरोबरच आले आणि मिस्त्रींच्या घरी जेवले. काकीनं वाढताना तीनदा मीठ वाढलं, त्यांनी तीनदा खाल्लं.

गाडी उभी राहिली, नोकरीही राहिली. मी गाडी गोड्या पाण्यानं पुसायला लागलो, त्यासाठी दोन मैलांवरून डबा आणायचो. नंतर कितीतरी वर्षं मी त्या खोलीत होतो. मिस्त्रींच्या शेडमधलं सगळं होतं तसंच राहिलं, फक्त ते ठरलेलं वाक्य बदललं. नव्या गिऱ्हाइकाला आता ते सांगायचे, "आजवर एकच मोडला." कसा मोडला असं कुणी विचारलं तर, "घाई केली." माझ्याकडे चुकूनही बघायचे नाहीत. मी मात्र प्रत्येक वेळी मान खाली घालायचो. ज्या एका गोष्टीचा त्या माणसाला अभिमान होता ती मी मोडली होती, आणि वर ते माझं नावही घेत नव्हते. हे मला फार सलायचं.

एका रविवारी मला राहवलं नाही. आता रविवारी दादाच इकडे येऊन घमेल्यावर बसायचे. मिस्त्री चहा आणायला आत गेले होते. मी दादांसमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "दादा, तो बोल्ट यांनी नव्हता मोडला. मी मोडला होता."

दादांनी शांतपणे तंबाखू मळली. "ठाव हाय," म्हणाले.

"ठाव हाय? कधीपासून?"

"त्याच दिशी कललं. अकरा वर्सं दर रविवारी मी त्याला तिथं बसलेला बगितला. तो मानूस कुठं घाई करतो?"

"मग तेव्हाच का नाही म्हणालात?"

"तो इतक्या वर्सांनी बोलत होता," दादा म्हणाले. "मी मदी कशाला बोलू?"

तेवढ्यात मिस्त्री तीन कप घेऊन बाहेर आले. वाफ येत होती. त्यांनी एक कप भावाला दिला, एक स्वतःच्या पायाशी ठेवला आणि तिसरा हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"उभे का, मीठवाले?" ते म्हणाले. "बसा."

मी बसलो.